मोबाइलवर फोटो फिका का दिसतो? एक्स्पोर्ट करताना ‘ही’ सेटिंग तपासा

जयसिंगपूर : स्टुडिओच्या संगणकावर हिरवागार दिसणारा नवरीचा शालू ग्राहकाच्या मोबाइलवर फिका दिसला, की बोल कॅमेऱ्याला लागतो. खरे कारण अनेकदा ‘कलर स्पेस’ असते.

नेमके काय होते?
फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत साठवलेला असतो. त्या आकड्यांचा अर्थ प्रोफाइल सांगते. एचपी व मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली ‘एसआरजीबी’ वेबवर सर्वत्र चालते. १९९८ ची ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ हिरव्या छटा जास्त सामावते. मात्र तिची प्रोफाइल फाइलमधून निघून गेली, तर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचले जातात आणि रंग उतरतो.

काय कराल?
• लाइटरूममध्ये एक्स्पोर्ट करताना ‘कलर स्पेस’मध्ये एसआरजीबी निवडा.
• फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा. ‘असाइन प्रोफाइल’ने आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो.
• सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करा.
• अल्बम छापण्यापूर्वी लॅबला कोणती प्रोफाइल हवी, ते विचारा. आधी एकच पान छापून पाहा. रंग चुकला तर अख्खा अल्बम पुन्हा छापावा लागतो.
• मूळ रॉ फाइल जपून ठेवा.