ट्रायकोडर्माचे हिरवे बीजाणू

हरभऱ्याच्या बियाण्यास चोळावयाची ट्रायकोडर्माची भुकटी हे निर्जीव औषध नव्हे. तीत एका उपकारक बुरशीचे जिवंत बीजाणू असतात, हे शेतकरी बंधूंनी प्रथम ध्यानी घ्यावे.

प्रयोगशाळेत ही बुरशी पोषक द्रव्यावर २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतामानात वाढवितात. आरंभी तिचे तंतू पांढऱ्या कापसासारखे दिसतात. अंधारात वाढलेल्या या तंतूंवर थोडा वेळ जरी प्रकाश पडला, तरी पुढे एक-दोन दिवसांत त्यांच्या फांद्यांच्या टोकांशी असंख्य हिरवे बीजाणू धरतात. हे बीजाणू संयोगावाचून, म्हणजे अलैंगिक रीतीने, उत्पन्न होतात. पुढे ते शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळतात.

पेरणीनंतर बीजाणू ओल्या मातीत रुजतात. त्यांचे तंतू मर व मूळकूज या रोगांच्या बुरशींना वेढून त्यांतील अन्नरस शोषून घेतात.

यास्तव भुकटीची मुदत पाहूनच ती घ्यावी व थंड जागी ठेवावी. किंचित ओलविलेल्या बियाण्यास किलोस ४ ते ५ ग्रॅम चोळून ते सावलीत सुकवावे. भुकटीत रासायनिक बुरशीनाशक मिसळू नये. शत्रूस मारणारे द्रव्य या मित्रासही मारू शकते.