बोटांवरचा हिशोब

गटाच्या बैठकीत हप्ता आणि व्याज जुळवताना एखादी बाई पदराआड बोटं मोजते आणि कुणी पाहिलं की हात लपवते. आम्ही हे खूपदा पाहिलंय. खरं सांगायचं तर केलंयही. म्हणून आज बोटांच्या हिशोबाबद्दल बोलू.

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सगळं उलटं होतं. बोटांवर धड मोजता न येणं हीच तिथे लाजेची गोष्ट. क्विंटिलियन नावाच्या शिक्षकाने लिहून ठेवलंय, की बोलणारा हिशोबात अडखळला, किंवा तोंडाने एक आकडा सांगून बोटांनी भलताच दाखवला, तर लोक त्याला अडाणी समजत!

पण त्यांची रीत एकेक बोट उघडण्याची नव्हती. ती तपशिलात लिहिली इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूने, इ.स. 725 मध्ये. (आपला बीड जिल्हा वेगळा हं.) डाव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं बोट, ही तीन एकं दाखवायची. करंगळी मिटली की एक, दोन मिटली की दोन, तिन्ही मिटली की तीन. मग करंगळी परत उघडली की चार. असं मिटत-उघडत नऊपर्यंत. अंगठा आणि अंगठ्याजवळचं बोट दहं दाखवायला. म्हणजे एका डाव्या हातावर 99 पर्यंत! उजव्या हातावर शेकडे आणि हजार. दोन्ही हात मिळून 9,999.

म्हणूनच ज्युव्हेनल हा रोमन कवी नेस्टर नावाच्या म्हाताऱ्या राजाबद्दल म्हणतो, की तो आता आपली वर्षं उजव्या हातावर मोजतो. ऐकणाऱ्याला लगेच कळायचं, राजाने शंभरी ओलांडली.

आपल्याकडेही बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. आणि जपाला बसलेली आजी अंगठा पेरांवरून फिरवते. चार बोटांची तीन-तीन पेरं, एका हातावर बारा.

आता रोमन तेरा करून पाहा. डाव्या हाताची करंगळीकडची तिन्ही बोटं मिटा आणि अंगठ्याजवळच्या बोटाचं नख अंगठ्याच्या मधल्या सांध्यावर टेकवा. जमलं? उजवा हात मोकळाच आहे, त्यात पासबुक धरता येईल.