अडखळणारी वाचा आणि एक संशोधक

आयोवा विद्यापीठातील अमेरिकन वाचाशास्त्रज्ञ वेंडेल जॉन्सन (१९०६–१९६५) स्वतः तोतरे होते. तोतरेपणाचे संशोधन हेच त्यांचे जीवनकार्य ठरले. मोठ्यांनी 'तोतरा' ठरविल्यानेच मुलात हा दोष रुजतो, असे ते मानीत. १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काहींना 'तुम्ही अडखळता' असे सांगितले गेले. त्यांतील काहींनी बोलणेच कमी केले. निवड अनाथाश्रमातील मुलांचीच व्हावी, हे आम्हांस फार बोचते. विद्यापीठाने २००१ मध्ये क्षमा मागितली. तोतरेपणात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, हे पुढील संशोधनाने दाखविले. केजच्या आमच्या वर्गात हजेरीस अडखळणाऱ्याचे 'हजर' पूर्ण होईपर्यंत आम्ही पुढचे नाव घेत नाही.