हार घालणारे आणि खेपा घालणारे

दहावीचा निकाल लागला की वरळीत गुणगौरव समारंभांचा मोसम सुरू होतो. बीडीडी चाळींच्या मधल्या जागेत मांडव पडतो, भाड्याच्या खुर्च्या लागतात, मंचावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. पाहुणा बहुधा समाजातलाच: डॉक्टर, उपजिल्हाधिकारी, परदेशी शिकून आलेला इंजिनिअर. ‘मीही अशाच खोलीत अभ्यास केला’ हे वाक्य त्याच्या भाषणात असतंच. मग पुष्पगुच्छ, दप्तर, पुस्तक, फोटो. चाळी पडून टॉवर उभे राहू लागले तरी हा रिवाज काही मोडणार नाही. पण मला फार वर्षांपासून ओढ आहे ती या मांडवातल्या समारंभाच्या पणजोबाची, म्हणजे भीमराव आंबेडकर नावाच्या परळच्या मुलाच्या सत्काराची.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चर्नी रोडच्या बागेत (आताचं स. का. पाटील उद्यान) शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकरही तिथे वाचायला येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, ओळख वाढली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभा भरली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. धनंजय कीरांच्या चरित्रातून ही हकिगत घरोघरी गेली. कीर सभेचं अध्यक्षपद सीताराम केशव बोल्यांना देतात. हे तेच बोले, ज्यांच्या नावाचा रस्ता दादरला आहे आणि ज्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. त्याच ठरावाच्या बळावर पुढे महाडचं तळं गाठलं गेलं. कीरांनी गुणही दिले आहेत: ७५० पैकी २८२. आजच्या समारंभात एवढ्या गुणांवर मंचावर चढू देतील का, शंकाच आहे.

पण याच सभेची दुसरी हकिगत आहे, आणि ती खुद्द सत्कारमूर्तीची. १९५६ साली बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी एक प्रस्तावना लिहिली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली ग्रंथ निघाला, त्यात ती छापलीच गेली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी ती वाचकांसमोर आली. त्या चार पानांत कीरांच्या गोष्टीचे सांधे निखळतात. बाबासाहेब म्हणतात, सत्कार झाला तो इंग्रजी चौथी पास झाल्याबद्दल. अध्यक्ष बोले नव्हते, दादा केळुसकरच होते. बागेचा तर उल्लेखच नाही. केळुसकर येतात ते वडिलांचे स्नेही म्हणून.

सर्वांत बहारदार आहेत ते भीमरावाचे वडील, रामजी सुभेदार. वस्तीतले लोक सत्काराची परवानगी मागायला आले, तर त्यांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा तर पास झालाय, एवढंच त्यांचं म्हणणं. लोक हिरमुसले, पण मागे हटले नाहीत. ते केळुसकरांकडे गेले, केळुसकरांनी येऊन सुभेदारांशी वाद घातला आणि मगच सभा झाली. हल्ली मुलाचा फ्लेक्स स्वतःच छापून आणणाऱ्या बापांनी हा उतारा जरूर वाचावा.

कोणाचं खरं मानायचं? पासष्टीच्या आजारी माणसाची आठवण दगा देऊ शकते हे मान्य. दोन वेगवेगळे सत्कार झाले असतील, हेही शक्य आहे. माझा कौल मात्र प्रस्तावनेला आहे. मॅट्रिकची गोष्ट फार घडीव वाटते. मोठी परीक्षा, मोठी सभा, मोठे अध्यक्ष. वडिलांचा नकार आणि मित्राची शिष्टाई हा तपशील कुणी मुद्दाम रचणार नाही. शिवाय त्याने केळुसकरांची खरी भूमिका कळते. बागेत अचानक हिरा गवसलेल्या जवाहिऱ्याची ती नव्हती. घरात येऊन बापाशी भांडण्याचा हक्क असलेला तो माणूस होता.

हे केळुसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, जन्म १८६०चा. तुकारामाचं चरित्र १८९६मध्ये, बुद्धाचं १८९८मध्ये, शिवाजी महाराजांचं १९०७मध्ये. शेवटच्याचा इंग्रजी अवतार ताकाखाव यांनी १९२१मध्ये केला. एवढं लिहूनही आज ते ओळखले जातात दुसऱ्याच्या चरित्रातले एक पात्र म्हणून. बुद्धचरित्र बडोद्याच्या सयाजीरावांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलं होतं, असं बाबासाहेब सांगतात. मला हा धागा महत्त्वाचा वाटतो. एका शाळामास्तराला महाराजांची दारं कशी उघडली, याचं उत्तर बहुधा त्यातच आहे. दरबाराला तो लेखक म्हणून माहीत होता.

आणि ती दारं त्याने वापरली. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागला आणि सुभेदारांचे पैसे पुरेनात. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असं सयाजीरावांनी मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सभेत जाहीर केलं होतं. असे शब्द सभेत दिले जातात आणि सभेतच राहतात. केळुसकरांनी मुलाला घेऊन थेट महाराजांना गाठलं. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पसंत पडली आणि महिना २५ रुपये सुरू झाले. कॉलेजात मुल्लर नावाचे प्राध्यापक पुस्तकं आणि कपडे देत. १९१२मध्ये बी.ए., १९१३मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात संस्थानची १० वर्षं नोकरी.

ही नोकरी १९१७मध्ये सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत मोडली. शिपाई लांबून कागद टाकत. राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले तर काठ्या घेतलेला जमाव येऊन उभा राहिला. हे सर्वज्ञात आहे. त्यानंतरची केळुसकरांची खेप मात्र कमी सांगितली जाते. त्यांचे एक प्राध्यापक मित्र बडोद्यात होते, सुधारक विचारांचे. पैसे घेऊन आंबेडकरांना घरी ठेवायला ते तयार झाले. आंबेडकर पुन्हा बडोद्याला निघाले. स्टेशनवर उतरतात तो प्राध्यापकांची चिठ्ठी हातात पडली: पत्नीची तयारी नाही. ते तसेच मुंबईला परतले.

या चिठ्ठीपाशी केळुसकरांच्या ओळखीची हद्द संपते. महाराजांपर्यंत पोचणारा शब्द एका सुधारकाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला नाही. मांडवातले पाहुणे मुलांना सांगतात, जिद्द ठेवा, सगळं मिळतं. कोलंबियाची पदवी आणि राजाचा वशिला गाठीशी असलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नव्हती, हे ते सांगत नाहीत. समारंभात ते शोभतही नसावं.

नोव्हेंबर १९१८मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. या खेपेला वशिला केळुसकरांचा नव्हता. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख आंबेडकरांची स्वतःची होती.