विश्लेषण : निवृत्तीनंतर पाण्याकाठी घर... सिरोंचात जागा घेण्यापूर्वी काय पाहावे?

निवृत्तीनंतर पाण्याजवळ घर असावे, अशी अनेकांची इच्छा असते. मुंबई-पुण्याची मंडळी त्यासाठी कोकणाकडे पाहतात. चंद्रपूर-गडचिरोलीतील शिक्षक, वनकर्मचारी किंवा खाण कामगारांसाठी मात्र कोकण राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यांना नदीकाठ जवळचा वाटतो आणि सिरोंचाचे नाव निघते. निवृत्तीची रक्कम एकदाच हाती येते. म्हणून जागा निवडताना काय तपासावे, याचा हा आढावा.

सिरोंचाच का?

प्राणहिता नदी सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातील कालेश्वरम तीर्थक्षेत्र आहे. याच तालुक्यात सोमनूरला इंद्रावती आणि गोदावरीचा संगम होतो. नदीवरील पुलामुळे तेलंगणाशी रोजचे दळणवळण आहे. बाजारात मराठीसोबत तेलुगूही सर्रास ऐकू येते.

पाणी कुठवर येते?

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्करासाठी भाविकांनी येथील घाटावर स्नान केले. त्याच वर्षी जुलैमध्ये गोदावरी खोऱ्याला महापुराने वेढले आणि सिरोंचा तालुक्यातील नदीकाठची गावे हलवावी लागली. म्हणजे उन्हाळ्यात पाहिलेली जागा पावसाळ्यात तशीच राहील, याचा भरवसा नाही.

येथे पुराला मेडीगड्डा धरणाचीही जोड आहे. ८५ दरवाजांच्या या बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले. त्याच्या फुगवट्याच्या पाण्याने शेती बुडते, काठ खचतो, अशी तक्रार करत तालुक्यातील शेतकऱ्यांनी भरपाईसाठी आंदोलने केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले. त्यामुळे काठाचे भवितव्य दुसऱ्या राज्याच्या निर्णयांवरही अवलंबून आहे.

पूररेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीसाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तेथे घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित असते. व्यवहारापूर्वी भूखंड कोणत्या रेषेत येतो, हे लेखी विचारावे. शिवाय २०२२ चे पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या दोन-तीन घरांत विचारावे.

जमीन कोणीही घेऊ शकतो का?

नाही. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना विकण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार निर्बंध आहेत. परवानगीविना झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घेण्यावरही बंधने आहेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ अशी नोंद असल्यास तहसील कार्यालयात चौकशी केल्याशिवाय इसार देऊ नये. गावठाणातील किंवा अकृषिक परवानगी असलेला भूखंड तुलनेने सोपा.

दवाखाना किती दूर?

सिरोंचात ग्रामीण रुग्णालय आहे. मात्र हृदयविकार, पक्षाघातासारख्या आजारांत तज्ज्ञांकडे जावे लागते. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. म्हणून अनेक जण तेलंगणातील मंचेरियल किंवा वरंगळ गाठतात. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे. हे कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही चालते. कोणते रुग्णालय संलग्न आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

मग समुद्रकिनारा बरा?

तेथेही हेच प्रश्न आहेत. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत, तर दाट वस्तीच्या भागात ५० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मज्जाव आहे. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत घरांची छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या.

निर्णय कसा घ्यावा?

थेट खरेदी करण्याऐवजी आधी जून ते सप्टेंबर भाड्याने राहून पाहावे. रस्ता कधी बंद होतो, वीज किती वेळ जाते, रात्री रुग्णवाहिका किती वेळात येते, हे त्या चार महिन्यांत कळते. नदी दिसावी एवढे जवळ, पण पाणी पोहोचणार नाही एवढ्या उंचावर घर मिळाले, तरच सौदा पुढे न्यावा.