घरचे बाहेर सांगताना

घरातली गोष्ट वेशीवर टांगू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. या शिकवणुकीत शहाणपण आहेच. पण ती देशाला लावायची म्हटली की एक अडचण उभी राहते. आपण गप्प बसलो म्हणून जग आपल्याविषयी बोलायचे थांबत नाही. आपल्याऐवजी दुसरे कोणी तरी बोलते, आणि मग त्याचेच म्हणणे खरे मानले जाते. आपल्या देशाविषयी इंग्रजीत, परक्या वाचकासाठी लिहिण्याचा खटाटोप का करावा, आपल्या पूर्वसूरींनी तो कसा केला आणि आज करायचा तर काय सांभाळावे लागते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे. मी इंग्रजी विषयाचा विद्यार्थी आहे आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचा मुलगाही आहे. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ परीक्षेपुरता वाटत नाही.

महाराष्ट्रात हा उद्योग तसा जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. पुढे जानेवारी १८८१ मध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर आदी मंडळींनी एकाच आठवड्यात दोन पत्रे सुरू केली : मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’. माणसे तीच, विचारही बहुतेक तेच. मग पत्रे दोन का? कारण वाचक दोन होते. घरच्या माणसाला जागे करायचे तर त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, आणि राज्यकर्त्यांना व परप्रांतीय सुशिक्षितांना ऐकवायचे तर इंग्रजीला पर्याय नव्हता. एक पत्र दुसऱ्याचे भाषांतर म्हणून निघाले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तथापि या विषयाचा खरा वस्तुपाठ मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडतो. १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि पुढे तिथेच राहून त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढायची आणि तिच्यासाठी पैसा उभा करायचा, हा त्यामागचा उघड हेतू होता. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या, बोस्टनमध्ये मदतीसाठी संस्था स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. एका पुस्तकातून एक शाळा उभी राहिली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या पुस्तकापासून शिकण्यासारख्या तीन गोष्टी मला दिसतात. पहिली गोष्ट शीर्षकातच आहे. रमाबाईंनी ‘हिंदी स्त्री’ असे सरसकट नाव दिले नाही. उच्चवर्णीय हिंदू स्त्री, असे म्हणून स्वतःच्या विधानाला स्वतःच कुंपण घातले. जेवढे ठाऊक आहे तेवढ्यापुरतेच त्या बोलल्या. दुसरी गोष्ट म्हणजे मांडणीचा क्रम. बालपण, वैवाहिक जीवन, धर्मातले व समाजातले स्थान, वैधव्य अशा पायऱ्यांनी त्या परक्या वाचकाला आत नेतात. वाचकाला काही माहीत नाही हे त्या गृहीत धरतात, पण तो मूर्ख आहे असे मात्र समजत नाहीत. तिसरी गोष्ट अशी की, दुःख सांगून त्या थांबत नाहीत. काय केले पाहिजे हेही सांगतात. ज्या लेखनात हा शेवटचा भाग नसतो, ते वाचून परक्याच्या मनात नुसती कीव उत्पन्न होते. कीव आणि समजूत यांत फार अंतर आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मायदेशी आल्यावर रमाबाईंनी १८८९ सालीच ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. अमेरिकेतील स्त्रियांच्या शिक्षणाचे व संस्थांचे कौतुक त्यात आहे. त्याचबरोबर तिथल्या वर्णद्वेषावर बोटही ठेवले आहे. म्हणजे आपला देश त्यांना समजावून दिला आणि त्यांचा देश आपल्याला. समजूत ही अशी दोन्ही बाजूंनी चालावी लागते. नाही तर एकाने सदैव बघायचे आणि दुसऱ्याने सदैव दाखवायचे, असा प्रकार होतो.

आपण बोललो नाही तर काय होते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक निघाले. बालविवाहासारख्या खऱ्या दोषांवर त्यात लिहिले होते, पण रोख असा की, हे लोक स्वराज्याला लायक नाहीत. देशभर संतापाची लाट उसळली. लाला लजपतराय यांनी १९२८ मध्ये ‘अनहॅपी इंडिया’ लिहून सविस्तर उत्तर दिले; अमेरिकेत काळ्या लोकांना जमाव कसे ठार मारत, तेही त्यात मांडले. उत्तर आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु उत्तरादाखल लिहिताना प्रश्न दुसऱ्याने घातलेला असतो, आणि आपले अर्धे बळ ‘तुमचेही तसेच’ हे सांगण्यात खर्ची पडते. त्याहून चांगले उत्तर १९२९ साली मिळाले, असे मला वाटते : बालविवाह-प्रतिबंधाचा शारदा कायदा त्या वर्षी संमत झाला.

आता भाषेचा प्रश्न. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला ‘उचल’ देतो आणि ती जोडी पाच-सहा महिने उसाच्या फडात राबून ती फेडते. या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हे इंग्रजीत लिहू गेलो की ‘उचल’साठी कोशात ‘अॅडव्हान्स’ हा शब्द मिळतो. पण परक्या वाचकाला त्यात मालकाचा चांगुलपणा दिसेल. हंगाम संपला तरी न फिटणारे आणि पुढच्या वर्षी पुन्हा फडात नेणारे कर्ज दिसणार नाही. ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार असे लिहिले, तर दोन जिवंत माणसांची गणती एका अवजारात होते ही गोष्टच हरवते. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या इंग्रजी कादंबरीत कितीतरी इग्बो शब्द तसेच ठेवले आणि प्रसंगातून त्यांचा अर्थ उलगडू दिला. मला हीच वाट बरी वाटते. शब्द आपला ठेवावा आणि त्याच्या भोवतीचे जगणे इंग्रजीत सांगावे. केनियाच्या न्गुगी यांनी मात्र १९८६ च्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’मध्ये इंग्रजीचा निरोप घेऊन गिकुयूत लिहिण्याचा निश्चय जाहीर केला. त्यांचा इशाराही विसरता येत नाही : परक्यासाठी लिहिता लिहिता लेखक घरच्या वाचकाला पारखा होऊ शकतो.

गेल्या दिवाळीत गाडी भरताना माझा हा विचार मी चुलत्यांपुढे बोलून दाखवला. ते म्हणाले, “आपली दैना गोऱ्या लोकांला दाखवून काय पदरात पडनार? ते हळहळतील आन् पान उलटतील.” या म्हणण्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही, आणि ते खोडून काढावे असेही वाटत नाही. फक्त त्यातून एक नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. ऊसतोडीवर जे काही इंग्रजीत लिहीन, ते आधी मराठीत लिहायचे आणि आईला व चुलत्यांना वाचून दाखवायचे. त्यांना त्यात आपण दिसलो, तरच ते इंग्रजीत जाईल. केविलवाणे चित्र झाले असेल तर ते सांगतील. उगाच गोडवे गायले असतील तर त्यांना हसू येईल.

साखर जगभर खाल्ली जाते. ती कोणाच्या हातून निघते हे जगाला कळावे, यात देशाची बदनामी आहे असे मला वाटत नाही. ते कळावे ते आमच्या शब्दांत, आणि आमच्या मुलांनी लिहिलेल्या इंग्रजीत, एवढीच इच्छा आहे. आपल्या महाविद्यालयात अशी खेड्यापाड्यांतून आलेली पुष्कळ मुले-मुली आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचा एकच शब्द घेऊन त्याभोवती दोन पाने इंग्रजीत लिहून पाहावीत, आणि प्राध्यापकांनी ती तपासताना व्याकरणाबरोबर खरेपणाही तपासावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.