शेवट ठाऊक असलेली कथा

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवली जात असे. डोंबिवली-कल्याणच्या चाळींत तेव्हा घरोघरी दूरदर्शन संच नव्हते. ज्याच्याकडे असे त्याच्या दारात चपलांचा ढीग पडे. इंग्रजी संवाद पुरते कळोत न कळोत, टोकदार कानांचा स्पॉक सर्वांच्या ओळखीचा झाला होता. त्या प्रेक्षकांची नातवंडे आज ठाण्याच्या लोकलमध्ये मोबाइलवर त्याच अंतराळयानाची नवी मालिका पाहतात. तिचा एक भाग आजोबा-नातवंडांनी एकत्र बसून पाहावा असा आहे.

७ जुलै २०२२ रोजी प्रसारित झालेला ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’ हा ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या पहिल्या पर्वाचा अखेरचा भाग. ही मालिका मूळ कथेच्या आधीच्या काळातली. यानाचा कप्तान अजून कर्क नसून पाइक आहे. १९६६ साली हाच पाइक अपघातानंतर खुर्चीला खिळलेला, वाचा गेलेला असा दाखवला गेला होता. म्हणजे शेवट प्रेक्षकाला ठाऊक, आणि येथे तो पाइकलाही ठाऊक आहे. खातेवहीत अखेरची शिल्लक आधीच लिहिलेली, जमाखर्च मागाहून मांडायचा, अशी पूर्वकथेच्या लेखकांची गत असते.

त्या अपघातात दगावणारा एक मुलगा पाइकला लहानपणीच भेटतो. पाइकला राहवत नाही. तो सावधगिरीचे पत्र लिहू लागतो. तेवढ्यात भविष्यातला वृद्ध पाइक समोर उभा राहतो आणि अपघात टाळला तर काय घडेल ते दाखवतो. येथून कथा थेट १५ डिसेंबर १९६६ च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या गाजलेल्या भागात शिरते. तेच यानावरचे लग्न, तोच अदृश्य होणाऱ्या रोम्युलन जहाजाशी पाणबुडीयुद्धासारखा लपंडाव. फक्त कर्कच्या जागी पाइक. कर्कने पाठलाग केला होता. पाइक बोलणी करतो. शत्रूचा सेनापतीही युद्धाला विटलेला असतो. परंतु त्याचाच कनिष्ठ अधिकारी गुपचूप आरमाराला बोलावतो, युद्ध भडकते आणि स्पॉक जबर जखमी होतो.

शीर्षक शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील पोर्शियाच्या भाषणावरून घेतले आहे. पौंडभर मांस कर्जरोख्यात लिहून घेणारा सावकार आणि त्याच्यापुढे दयेची बाजू मांडणारी पोर्शिया हा प्रसंग व्यापारी घरांना सांगायला नको. मग येथे दया हरली का? अहिंसा मानणाऱ्या घरात हा प्रश्न निघणारच. एका विश्वासघातक्याचे खापर तहाच्या प्रस्तावावर फुटते, ही या भागाची कच्ची बाजू आहे. सेनापतीने पुढे केलेला हात खोटा नव्हता. दया येते ती निराळ्या जागी. स्पॉक जगावा म्हणून पाइक ते पत्र पाठवत नाही आणि ती खुर्ची डोळ्यांदेखत पत्करतो. अॅन्सन माउंट या अभिनेत्याने हा क्षण फारसे न बोलता पेलला आहे.

नवा भाग संपल्यावर जुना अवश्य लावावा. त्यातला रोम्युलन सेनापती मार्क लेनार्ड यांनी साकारला होता. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, त्यांनी स्पॉकच्या वडिलांची भूमिका केली. नातवाने चेहरा ओळखण्याआधी आजोबांनी तो ओळखावा.